विमानतळ आणि सातबाऱ्याबाहेरचा माणूस

६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांचे दिल्लीस महापरिनिर्वाण झाले आणि त्यांचा पार्थिव देह त्याच रात्री विमानाने मुंबईस आणण्यात आला. मध्यरात्र उलटून गेल्यावर ते विमान सांताक्रूझच्या विमानतळावर उतरले, तेव्हा हजारो शोकाकुल माणसे तेथे वाट पाहत उभी होती. चाळीतून, गिरणीतून, गोदीतून आणि झोपडीतून आलेल्या त्या माणसांपैकी बहुतेकांनी विमानतळ नावाची वस्तू त्याच रात्री प्रथम पाहिली असेल. आपल्या समाजाच्या स्मृतीत विमानतळ आहे तो असा: आत प्रकाश, मध्ये कुंपण आणि कुंपणाबाहेर आपण.

त्या घटनेस आता जवळजवळ सत्तर वर्षे होत आली. ह्या काळात आपली मुले विमानात बसू लागली, काही विमानतळांवर अधिकाराच्या जागी काम करू लागली; नागपूरच्या विमानतळास तर २००५ साली बाबासाहेबांचेच नाव देण्यात आले. ह्या गोष्टींचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु विमानतळ बांधला जातो तेव्हा ज्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली जाते, त्यांच्यात आपली कुटुंबे कोठे असतात, त्यांची मोजदाद कोण करतो आणि त्यांच्या पदरात काय पडते, हा प्रश्न अद्याप कुंपणाबाहेरच उभा आहे. पुणे जिल्ह्यातील विमानतळांच्या इतिहासावरून ह्या प्रश्नाचा विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहीत आहोत.

पुण्याचा लोहगाव येथील तळ १९३९ साली इंग्रज सरकारने उभारला. दुसरे महायुद्ध सुरू होत होते, मुंबई बंदराच्या रक्षणासाठी हवाई दलास ठाणे हवे होते आणि त्यासाठी पुण्याजवळचे हे पठार निवडण्यात आले. १९४७ साली हा तळ भारतीय हवाई दलाकडे आला व आजही तो हवाई दलाचाच आहे. प्रवासी विमाने हवाई दलाच्या धावपट्टीवर, हवाई दलाच्या सोयीने उतरतात. प्रवाशांची इमारत तेवढी भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. धावपट्टीची लांबी जेमतेम अडीच किलोमीटर. तिच्या दुरुस्तीसाठी २०२१ च्या ऑक्टोबरात सारी प्रवासी वाहतूक दोन आठवडे बंद ठेवावी लागली होती. मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि जुलै २०२४ पासून ती प्रवाशांच्या वापरात आली. परंतु इमारत नवी झाली म्हणून धावपट्टी लांब होत नाही.

ह्याच काळात जिल्ह्याचा उत्तर भाग मात्र ओळखू येणार नाही इतका बदलला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६१ चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ सुरू झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ह्या गावांची शेते कारखान्यांखाली गेली. १९७० साली ह्या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे ही लाट इंद्रायणी ओलांडून चाकणला पोहोचली. देशी व परदेशी मोटारींचे कारखाने चाकणच्या माळावर उभे राहिले आणि कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव मोटारींसाठी जगभर ओळखले जाऊ लागले.

एवढे कारखाने आल्यावर नव्या विमानतळाची मागणी होणे क्रमप्राप्तच होते. पहिली नजर चाकण-राजगुरुनगर परिसरावर गेली. खेड तालुक्यातील एक जागा सुचविण्यात आली, तिला विरोध झाला. मग दुसरी पाहण्यात आली. अनेक वर्षे मोजण्या, पाहण्या, बैठका आणि मोर्चे चालले. अखेरीस डोंगरांचा अडथळा व तांत्रिक अडचणी पुढे आल्या, खेडचा नाद सोडण्यात आला आणि २०१६ साली शासनाने पुरंदर तालुका निश्चित केला. पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी ही ती सात गावे. मध्यंतरी दुसऱ्या जागेचाही विचार झाला; परंतु संरक्षण खात्याने तिला मान्यता दिली नाही आणि फिरून हीच गावे पुढे आली.

ह्यांपैकी खानवडी हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. महात्मा जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. तेथून ते पुरंदरच्या खानवडीस आले आणि खानवडीहून पुण्यास. ज्या महापुरुषास बाबासाहेबांनी आपल्या तीन गुरूंत स्थान दिले, त्याच्या पूर्वजांच्या गावच्या मातीत ही मोजणी चालली आहे.

२०२५ च्या पूर्वार्धात भूसंपादनाची अधिसूचना निघाली. मे महिन्यात सर्वेक्षणासाठी पथके आली तेव्हा गावकरी आडवे आले, लाठीमार झाला, दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. पुढे शासनाने क्षेत्र कमी केले. आधी दोन हजार हेक्टरांहून अधिक जमीन घ्यावयाची होती, ती सुमारे १,२८५ हेक्टरांवर आणण्यात आली. मोबदल्याशिवाय संपादित जमिनीच्या १० टक्के विकसित भूखंड परत देण्याचे ठरले. त्यानंतर बहुसंख्य खातेदारांनी संमतिपत्रे दिली. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी आपल्या अंजिराच्या, सीताफळाच्या बागांसाठी दिलेली लढत आम्ही हलकी लेखीत नाही. माती सोडताना माणसाचे काळीज तुटते, हे आम्ही जाणतो.

परंतु ह्या साऱ्या इतिहासात एक गोष्ट आरंभापासून शेवटपर्यंत सारखी आहे. विरोध कोणी केला? खातेदाराने. वाटाघाटी कोणाशी झाल्या? खातेदाराशी. संमती कोणाची घेतली? खातेदाराची. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचे नाव तो माणूस. ज्याचे नाव नाही तो ह्या सगळ्या प्रकरणात हजरच नव्हता. ज्याने त्या जमिनीवर आयुष्यभर खुरपले, पाणी दिले, कांदा काढला, अंजिराच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, त्याला कोणी विचारले नाही.

चाकणजवळच्या एका वाडीत काही वर्षांपूर्वी धम्मवर्गासाठी जाण्याचा योग आला होता. खेडचा विमानतळ रद्द झाल्याची बातमी तेव्हा ताजी होती आणि गावात पेढे वाटले गेले होते. वर्ग संपल्यावर एक वृद्ध उपासिका जवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, इमान आलं असतं तरी आमी खुरपं घेऊन, आन् गेलं तरी आमी खुरपं घेऊनच. मग पेढा कशाचा खायचा, ते तेवढं सांगा." त्या माउलीच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. विमानतळ आला असता तर शेतकऱ्यास रक्कम मिळाली असती आणि तिची मजुरी गेली असती. विमानतळ न आल्यामुळे शेतकऱ्याची जमीन वाचली आणि तिच्या हाती आहे तेच खुरपे राहिले. दोन्ही निकालांत तिचे नाव कोठेच नव्हते. आमच्या दृष्टीने विमानतळांच्या इतिहासातील सर्वांत मोठी त्रुटी हीच होय.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आम्ही विमानतळाच्या विरोधात नाही. कारखाने, धरणे, रस्ते, विमानतळ ह्यांच्या नावाने नुसते कपाळ आठवून बसणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. १९१८ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. तुकडे जोडून हा रोग बरा होणार नाही, शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसांचा भार आहे हे त्याचे मूळ आहे आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. शेतीत अडकलेला मजूर उद्योगात गेला म्हणजे त्याची गरिबी हटेल आणि त्याबरोबर गावगाड्यातील त्याची गुलामीही सुटेल, हे आपल्या समाजाने पुढे स्वतःच्या अनुभवाने ओळखले. मुंबईच्या गिरण्या, रेल्वे, देहूरोडचे डेपो, खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने ह्यांनी आपल्या कितीतरी कुटुंबांना येसकरकीतून मोकळे केले. आज पिंपरी-चिंचवडमध्ये जी बौद्ध कुटुंबे पक्क्या घरांत राहतात, त्यांपैकी पुष्कळांच्या आजोबांनी कारखान्याच्या दारातूनच गावकीचा निरोप घेतला.

म्हणून आमचा आक्षेप विमानतळाला नाही. बाबासाहेबांचा सिद्धान्त अर्धाच अमलात येतो, हा आमचा आक्षेप आहे. जमीन शेतीतून निघते हे अर्धे होते; त्या जमिनीवरचा मजूर प्रतिष्ठेच्या कामात जातो हे दुसरे अर्धे आपोआप होत नाही. चाकणच्या चौकात सकाळी मजुरांच्या अड्ड्यावर उभे राहून पाहावे. कारखान्याच्या भिंतीला लागून ज्यांची वस्ती आहे, त्यांतले कित्येक तरुण तेथे दिवसाच्या रोजासाठी उभे असतात. ज्यांना कारखान्यात काम मिळते, त्यांतलेही बरेच ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. आज आत, उद्या बाहेर. उद्योग दाराशी आला म्हणजे आपल्या घरात आला, असे मानणे भोळेपणाचे आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजांनी केलेला १८९४ चा भूसंपादन कायदा स्वतंत्र भारतातही साठाहून अधिक वर्षे चालला. जमिनीत ज्याचा हितसंबंध त्यालाच मोबदला, असे त्याचे स्वरूप होते. शेतमजुराचा जमिनीत घाम असतो, हितसंबंध नसतो; म्हणून तो त्या कायद्याच्या बाहेर राहिला. हा कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा आला. त्याने एक मोठी गोष्ट केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात शेतमजूर, कूळ, वाटेकरी किंवा कारागीर म्हणून राबणारे आणि त्यावरच मुख्यत्वे उपजीविका करणारे कुटुंब, त्याच्या मालकीची गुंठाभर जमीन नसली तरी, "बाधित कुटुंब" आहे असे त्याने मानले. अशा बाधित कुटुंबांपुढे तीन पर्याय ठेवले: प्रकल्पात रोजगार निर्माण होत असेल तर प्रशिक्षण देऊन कुटुंबातील एकास काम, अथवा ५ लाख रुपये एकरकमी, अथवा वीस वर्षे दरमहा किमान २,००० रुपये. विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्री हिला स्वतंत्र कुटुंब मानले. शतकाहून अधिक काळानंतर भूमिहीनाचे नाव भूसंपादनाच्या कायद्यात लिहिले गेले, ही घटना लहान नाही.

परंतु कायद्याचे दार उघडले की शेजारी एक चोरदारही ठेवले जाते. विमानतळासाठी जमीन २०१३ च्या कायद्याच्या सरळ मार्गाने घेतली जात नाही. ती १९६१ च्या औद्योगिक विकास अधिनियमाखाली घेतली जाते. राज्याने २०१८ साली केलेल्या दुरुस्तीने अशा चार राज्य कायद्यांखालील संपादनाला २०१३ च्या कायद्याच्या बाहेर काढले. त्यातील मोबदल्याच्या व पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या शासनाने अधिसूचनेने लागू कराव्यात, असे ठेवले. ह्यात नेमके काय निसटते? सामाजिक परिणामांचा अभ्यास निसटतो. प्रकल्पाने कोणाचे काय बिघडेल ह्याची घरोघर जाऊन केलेली पाहणी म्हणजे हा अभ्यास. खातेदाराला त्याची तितकी गरज नसते, कारण त्याचे नाव सातबाऱ्यावर आधीच आहे. ज्याचे नाव कोठेच नाही, त्याचे नाव पहिल्यांदा कागदावर येण्याची जागा तीच होती. ती जागा काढून घेतल्यावर भूमिहीनास हक्क आहे असे म्हणणे म्हणजे पत्रावळ मांडून पंगतीचे आमंत्रण न देण्यासारखे आहे.

जवळचे उदाहरण नवी मुंबईचे आहे. १९८४ च्या जानेवारीत उरण भागातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन केले; गोळीबारात पाच जण प्राणास मुकले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. पुढे विमानतळासाठी दहा गावठाणे उठविण्याची वेळ आली, तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आगरी-कोळी बांधवांनी चाळीस वर्षे संघटित राहून जे मिळविले, त्यातून आपण एक धडा घ्यावा: संघटित मागणी केली तर टक्का वाढतो. आणि दुसराही घ्यावा: टक्का जमिनीवर मोजला जातो. शून्य गुंठ्यांचे साडेबावीस टक्के शून्यच.

ह्यावर कोणी म्हणेल की आपल्यातही जमीनवाले आहेत. आहेत, आणि त्यांचा प्रश्न अधिकच नाजूक आहे. महार वतनाच्या जमिनी गावकीच्या गुलामीची किंमत म्हणून आपल्या पूर्वजांच्या गळ्यात बांधल्या गेल्या होत्या. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ह्याच जोखडातून सुटका व्हावी म्हणून. अखेर १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायदा झाला व १९५९ पासून तो अमलात आला. वतन गेले, जमीन ठरलेली रक्कम भरल्यावर परत मिळाली, पण नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा अटीवर. ही अट जमीन आपल्या हातून सुटू नये म्हणून होती. प्रत्यक्षात कित्येकांनी रक्कमच भरली नाही, कित्येकांची वारसनोंद झाली नाही आणि शहर जवळ आले तसे साध्या कागदावर, कुलमुखत्यारपत्रावर अंगठे घेऊन ह्या जमिनी दलालांनी लाटल्या. पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यभर गाजला व चौकशीचा विषय झाला, हे सर्वांनी वाचलेच आहे. जेथे विमानतळ, रिंगरोड किंवा वसाहत येणार असते, तेथे दलाल मोजणीदाराच्या आधी पोहोचतो. २०१३ च्या कायद्याने ह्या बाबतीत एक मोलाचे तत्त्व घातले आहे: अनुसूचित जातींच्या माणसाची जमीन कायदा डावलून हस्तांतरित झाली असेल तर ते हस्तांतर रद्दबातल समजावे आणि पुनर्वसनाचे लाभ मूळ मालकास मिळावेत. राज्याच्या कायद्याने संपादन होते म्हणून हे तत्त्व बासनात बांधून ठेवणे आम्हांस मान्य नाही.

गायरानाची कथाही तशीच. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्याने १९९१ मध्ये घेतला, त्यामागे ह्या लढ्याची पुण्याई आहे. परंतु ज्यांनी गायरान कसले आणि नोंद करून घेतली नाही, त्यांना मोजणीच्या दिवशी "सरकारी जमिनीवरील अतिक्रमक" एवढीच ओळख उरते.

आता नोकऱ्यांचा विचार करू. जो विमानतळ सरकारी प्राधिकरण चालविते, तेथे घटनेने दिलेल्या राखीव जागा असतात. परंतु २००६ साली दिल्ली व मुंबईचे विमानतळ खाजगी कंपन्यांच्या हाती गेले आणि तो पायंडा पडला. खाजगी कंपनीस राखीव जागांचे बंधन नाही. म्हणजे जमीन घेताना "सार्वजनिक प्रयोजन" आणि नोकरी देताना "खाजगी व्यवहार", अशी ही दुहेरी नीती आहे. शासनाने आपल्या सत्तेचे बळ वापरून जमीन मिळवून द्यावी आणि त्या जमिनीवरच्या कामात शासनाचे सामाजिक कर्तव्य लागू पडू नये, हे न्यायाच्या कोणत्या तराजूत बसते? विमानतळ चालविण्याचा करार होईल तेव्हाच त्यात बाधित भूमिहीन कुटुंबांतील मुला-मुलींसाठी प्रशिक्षणाच्या व कामाच्या जागा लिहून घेतल्या पाहिजेत. आणि त्या केवळ झाडू-पोछ्याच्या नव्हेत. विमानतळावर वीजतंत्री लागतात, यंत्रांची देखभाल करणारे लागतात, अग्निशामक लागतात, मालवाहतुकीचे हिशेब ठेवणारे लागतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती झाडू दिला, त्यांच्या हाती नव्या युगात अधिक गुळगुळीत फरशीवरचा झाडू द्यावयाचा असेल, तर त्यास विकास म्हणावयाचे कशाला?

काही शेतकरी मित्र म्हणतात की भूमिहीनांनी वेगळी मागणी मांडली तर एकजूट फुटते व सरकारचे फावते. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु एकजूट म्हणजे एकाने बोलावे आणि दुसऱ्याने मोर्चात चालावे, असा तिचा अर्थ नव्हे. शेतकऱ्यांच्या मागण्यांच्या पहिल्याच पानावर मजुराची मागणी लिहिली गेली तर आपली माणसे त्या मोर्चात सर्वांत पुढे राहतील. ती लिहिण्यास संकोच वाटत असेल, तर फूट आधीच पडलेली आहे. आम्ही ती केवळ बोलून दाखवितो.

शासनाकडे मागणी करणे हे एक काम झाले. दुसरे काम आपल्या हातचे आहे, आणि ते पुरंदरपुरते नाही. पुण्याभोवतीचा रिंगरोड खेड, मावळ, पुरंदर अशा तालुक्यांतून जावयाचा आहे. चाकणची औद्योगिक वसाहत टप्प्याटप्प्याने वाढत आली आहे. आज ज्या वाडीत निवांत आहे, तेथे उद्या मोजणीचे खांब येतील. म्हणून प्रत्येक बौद्ध कुटुंबाने, अधिसूचना निघण्याची वाट न पाहता, पुढील गोष्टी कराव्यात असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

तीन वर्षांच्या वास्तव्याचा व मजुरीचा पुरावा एका पिशवीत जमा करावा: शिधापत्रिका, मतदारयादीतील नोंद, रोजगार हमीचे कार्ड, घराचा नमुना आठचा उतारा, विजेचे बिल, मुलांचे शाळेचे दाखले. वतनी वा नव्या शर्तीच्या जमिनीवर मृत वडिलांचे, आजोबांचे नाव असेल तर वारसनोंद करून घ्यावी, मुलींची नावे गाळू नयेत आणि कोणत्याही मुखत्यारपत्रावर वकिलास दाखविल्यावाचून सही वा अंगठा करू नये. जातीचा दाखला काढून ठेवावा. धर्मांतर केले म्हणून हक्क गेला असे जर कोणी तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, सांगू लागला, तर त्यास १९९० च्या दुरुस्तीची आठवण द्यावी. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांस अनुसूचित जातींचा दर्जा त्या दुरुस्तीने दिलेला आहे. वस्तीतील सर्व भूमिहीन कुटुंबांची यादी विहारात बसून करावी, घरातील कर्त्या स्त्रीचे नाव तीत अवश्य घालावे आणि ती ग्रामसभेत ठरावानिशी मंजूर करून घ्यावी. शासनाने अभ्यास करावयाचा टाळला, तर आपला अभ्यास आपण करून त्याच्यापुढे ठेवावा.

आणि रक्कम मिळालीच, तर तिचे काय करावे? एवढा पैसा आपल्या घरात पूर्वी कधी आला नाही, म्हणून तो टिकविण्याची सवयही नाही. लग्नाच्या मांडवात आणि नव्या मोटारीत मोबदला दोन वर्षांत संपल्याची उदाहरणे ह्या पट्ट्यात सर्व जातींत दिसतात. आपण ती चूक करू नये. जमीन पुन्हा मिळणार नाही, मजुरी पुन्हा मिळणार नाही. त्यांच्या जागी मुलाचे आणि मुलीचे शिक्षण उभे राहिले तरच तो मोबदला ठरेल, एरवी तो केवळ निरोपाचा विडा होय.

पिंपरी-चिंचवडच्या शेजारी देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी तथागतांच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली. तेव्हा पिंपरीचा पहिला मोठा सरकारी कारखाना नुकताच उभा राहत होता आणि चाकणला मोटारींचा मागमूसही नव्हता. ह्या भागात धम्म आणि उद्योग बरोबरीनेच आले. धम्माने आपणांस शिकविले की दुःखाला कारण असते, ते शोधता येते आणि दूर करता येते. विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मजुराचे दुःख दैवाने आलेले नाही. त्याचे नाव यादीत नाही, हे त्याचे कारण आहे. ते नाव लिहिणे हा उपाय आहे. चाकणजवळच्या त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी त्या दिवशी नव्हते. आज एवढे तरी सांगता येईल की, आई, पेढ्याचे मागाहून पाहू. आधी यादीत तुमचे नाव लिहून घेऊ.